फरशीखालची माती

सुट्टी संपवून यिल्डाऊ हार्लिंगन गावातल्या आपल्या शाळेत आली, तर पटांगणातली पाणबाग गायब! पावसाचं पाणी जमिनीत मुरावं म्हणून तिच्याच वर्गाने फरशा उपटून ती केली होती. आता तिथे पुन्हा फरशी होती आणि तिच्यावर मुख्याध्यापिका हूकस्ट्राबाईंची गाडी.

कालच्या पावसात पटांगणातलं सगळं पाणी शाळेशेजारच्या यिल्डाऊच्या तळघरातल्या घरात शिरलं होतं. आई अजून बादल्यांनी उपसत होती.

"पुराचा धडा शिकून झाला, बक्षीस मिळालं, फोटो निघाले," बाई वर्गाला म्हणाल्या. "आता गाड्या कुठे लावायच्या?"

"आमच्या घरात लावा!" यिल्डाऊ कडाडली. "फुकटात धुऊन निघतील!"

वर्ग हसला. ती हसली नाही. तिने कोठीतून पहार आणली आणि गाडीच्या चाकाशेजारच्या फटीत खुपसली.

"वीब्रन सर, हिला आवरा!"

म्हातारे वीब्रन सर जवळ आले. "यिल्डाऊ, अशी नको, कंबर धरेल. गुडघे वाकव, मग जोर लाव. आणि बाई, तुम्ही गाडी काढा."

फरशी उचकटली. कालच्या पावसानंतरही खालची माती कोरडी ठणठणीत होती.