डोंगरवाटेवरचे दोन थांबे

तुर्भ्याच्या त्या पॅकेजिंग कंपनीत सहल आखावी तर सुगतनेच, हे सगळ्यांना मान्य होतं. कोपरखैरण्याला राहणारा हा चौतिशीचा डिस्पॅच क्लार्क कामात चोख होता आणि डोंगर चढण्यात तरबेज. यंदा डिसेंबरातल्या एका रविवारसाठी त्याने धोदाणीहून माथेरानला चढणारी जंगलवाट निवडली. पनवेलहून सकाळची बस, माणशी तीन लिटर पाणी, टोप्या, औषधांची पेटी, उजेड असतानाच परत खाली. सारं नीट लिहून त्याने ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं.

संध्याकाळपर्यंत तेराही पुरुषांचे होकार आले. आठ बायकांपैकी एकीचाही आला नाही. कुणाकडे पाहुणे होते, कुणाच्या मुलाची परीक्षा, तर कुणी नुसतंच ‘नेक्स्ट टाइम’ लिहिलं होतं.

“सोड ना यार,” शेजारच्या टेबलावरचा अंकुश म्हणाला. “लेडीजना डोंगर झेपत नाय. कशाला टेन्शन घेतो?”

सुगतलाही मनातून तसंच वाटत होतं. तरी तो स्टोअरमध्ये शमसुन्निसाआपांकडे गेला. आपा सत्तावन्न वर्षांच्या, मूळच्या म्हसळ्याकडच्या, ऑफिसात सगळ्यांत जुन्या. महिन्यापूर्वी त्याने सहलीचा विषय काढला, तेव्हा पहिला ‘मी येणार’ त्यांचाच होता.

“आपा, तुम्हीसुद्धा नाही? चढ फार नाहीये हो.”

“चढाचं मला सांगतोस? लहानपणी आईबरोबर लाकडं आणायला रोज डोंगरात जायचे मी.” आपांनी चष्मा काढून ठेवला. “बस इथं. तुझा बेत वाचला मी. सकाळी सातपासून संध्याकाळी पाचपर्यंत आम्ही बायकांनी लघवीला कुठं जायचं, ते त्यात कुठं हाय?”

सुगतचे कान तापले. कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून त्याने दाराकडे पाहिलं.

“जंगलच आहे ना, आपा...”

“तुमच्यासाठी जंगल! आमच्या पुढं-मागं तेरा पुरुष. थांबा म्हणायला लाज, मागं राहिलं की हाका. मग आम्ही काय करतो? पाणीच पीत नाही. गेल्या वर्षीच्या सहलीत पायल चक्कर येऊन पडली, आठवतं?”

आठवत होतं. बिलिंगमधली पायल उन्हात कोसळली होती, पुढे आठ दिवस रजेवर होती. ‘रोज नाश्ता करत जा’ असा सल्ला सुगतनेच तिला दिला होता.

“पोरीनं पहाटेपासून घोटभर पाणी घेतलं नव्हतं. नंतर लघवीचं इन्फेक्शन झालं. तुम्ही म्हणालात, नाजूक तब्येत! अरे, माणशी तीन लिटर पाणी लिहिलंस, त्याचं पुढं काय होतं, ते नको का लिहायला?”

सुगत मोबाइलवर आपलाच बेत पुन्हा वाचत टेबलाकडे परतला.

घरी आल्यावर त्याने अडखळत हे बायकोला, शर्मिलाला, सांगितलं. भाजी निवडता निवडता ती शांतपणे म्हणाली, “त्यात नवीन काय? रात्रीच्या बसनं बीडला गावी जायचं असलं की दुपारपासनंच पाणी बंद करते मी.”

“कधी बोलली नाहीस!”

“बोलून काय? तू बस थांबवणार होतास?”

बस तर थांबायचीच. ड्रायव्हर रस्त्याकडेला गाडी उभी करी, सुगत निवांत उतरून येई, आणि शर्मिला खिडकीशी डोळे मिटून बसलेली असे. त्याला वाटे, झोपली आहे. नऊ वर्षं त्याला तसंच वाटत आलं होतं!

पुढच्या रविवारी तो शर्मिलाला घेऊन ती वाट पाहून आला. पायथ्याच्या वाडीत मीना नावाची बाई चहा विकत होती. शर्मिलाने तिला सरळ विचारलं. “आमच्या घरचा संडास हाय की,” मीना म्हणाली. “आन् वर कारवीच्या दाट झुडपांत एक आडोसा हाय, मी दाखवते. तुमच्यासंगं येते मी.”

सोमवारी सुगतने ग्रुपवर नवा बेत लिहिला. ‘बायकांना लघवीसाठी दोन थांबे: चढ सुरू करण्याआधी मीनाताईंच्या घरी, आणि वर कारवीच्या रानात. तिथे पुरुष खालच्या वळणावर वीस मिनिटं थांबतील. आडोशाला चादर, दोरी, साबण मी घेतो. कुणीही चेष्टा करायची नाही.’ ‘लघवी’ हा शब्द लिहिताना अंगठा क्षणभर अडला. पण त्याने तो तसाच ठेवला.

पहिला आपांचा होकार आला, त्यामागे पायलचा, मग एकेक करत आठही जणींचा. सगळ्यांत शेवटी अंकुशने लिहिलं, ‘माझ्या मिसेसला आणलं तर चालेल?’

सहलीच्या रविवारी शर्मिलाही सोबत आली होती. कारवीच्या रानाखालच्या वळणावर तेरा पुरुष दगडांवर बसून राहिले. वरून बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. ऑफिसात त्यांना इतकं मोकळं हसताना सुगतने कधी ऐकलं नव्हतं. जरा वेळाने शर्मिलाने वरून हाक मारली, “या रे आता!” आणि सगळे पुढे निघाले.

वाचकहो, सहल असो, सभा असो की लग्नाचं वऱ्हाड, आपण जेवणाचा, गाडीचा, मानपानाचा विचार करतो. बाईच्या या साध्या गरजेचं मात्र नाव काढत नाही. आपल्या संकोचापायी बायका तहानलेल्या राहतात आणि आजारी पडतात. कुठलाही बेत आखताना हा प्रश्न आधी विचारा, आणि तो पुरुषांनीच विचारा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. न विचारण्यात आहे!