पुढच्या चाकाची चकती

"या वेळी चाकच आणलं," असं म्हणत श्यामकांतने अख्खं चाक काउंटरवर ठेवलं, तेव्हा नत्थूभैयाने आधी चाकाकडे आणि मग घड्याळाकडे पाहिलं. बूढ़ापाऱ्यातल्या त्या सायकलच्या दुकानात श्यामकांतची दोन दिवसांतली ही तिसरी फेरी होती. पहिल्यांदा त्याने ब्रेकची जी चकती नेली तिला मधोमध दाते होते, आणि मुलीच्या सायकलच्या चाकाला सहा बोल्टांची भोकं. दुसऱ्यांदा भोकं सहाच होती, पण चकती एकशेऐंशी मिलिमीटरची निघाली. ती ब्रेकच्या चिमट्यात मावेना.

"काका, एक सौ साठ ही लगेगा. पहिल्याच दिवशी बोललो होतो मी."

"पण मोठी असली तं ब्रेक जास्त जोरात लागते ना?"

"हव, लागते. पण मग चिमटा पण वर उचलावा लागते, अलग पट्टी लावून. दीदी को जाना कहाँ है?"

"केशकाल घाट. उतरायचा आहे."

"तो एक सौ साठ बहुत है. तुम्ही डरता बहुत, काका."

डरणं हा श्यामकांतचा पेशाच होता. रेल्वेच्या वॅगन दुरुस्ती कारखान्यात चौतीस वर्षं त्याने मालगाड्यांचे ब्रेक बसवले. या चौतीस वर्षांत काहीही झालं नाही. ज्याच्या हातून काहीच होत नाही अशा माणसाला निवृत्तीच्या दिवशी जे मिळतं ते त्यालाही मिळालं: शाल, श्रीफळ आणि भाषणात चुकीचं आडनाव. पण रात्री इंजिनाची शिट्टी ऐकली की तो अजूनही उठून बसे आणि आपण कुठला बोल्ट ढिला ठेवला ते आठवून पाही.

शनिवारी दुपारी त्याने चकती बसवायला घेतली. देवश्री, त्याची तीस वर्षांची मुलगी, सिलतऱ्याच्या एका पोलाद कारखान्याच्या ऑफिसात होती. तिला त्याचं मराठी कळे, पण उत्तर हिंदीतच देता येई. केशकालचा घाट सायकलने उतरायचा, हे तिचं तिसऱ्या वर्षाचं खूळ. पहिल्या वर्षी सुट्टी मिळाली नाही, दुसऱ्या वर्षी ऐन वेळी आईच्या मोतीबिंदूची तारीख आली. उद्या रविवार. तेलीबांध्याहून सहाला बस सुटणार होती, सायकली टपावर.

ती निघताना सांगून गेली होती, आणि श्यामकांतने ते पाठ केलं होतं. चकतीवरचा बाण चाक फिरतं त्या दिशेला. बोल्ट एक झाला की समोरचा, मग त्याच्या बाजूचा, गोल गोल ओळीने नाही. जोर बेताचा. हे सगळं त्याने वॅगनच्या श्रद्धेने केलं. जुन्या चकतीला पोक आलं होतं, चाक फिरलं की ती खर्र करायची. नवी फिरली तर आवाजच नाही.

त्या आवाज नसण्यानेच त्याला धास्ती भरली.

चौतीस वर्षं त्याचं काम तपासून दुसरा एक माणूस सही करायचा. इथे कोण करणार? शेवटी तो चपला घालून पारावरच्या मारुतीला गेला, तेलातला शेंदूर कागदावर घेऊन आला आणि चकतीला बोटभर टिळा लावला. चाक फिरवून दोनदा ब्रेक दाबला. टिळ्याची छान लाल रेघ सगळीकडे पसरली. ती त्याने फडक्याने पुसून घेतली, पोरीने पाहिली असती तर हसली असती म्हणून.

रात्रीच्या जेवणात देवश्री म्हणाली, "बाबा, रोटर पे उँगली तो नहीं लगाई ना? ज़रा सा भी तेल लगा, तो पैड पी लेते हैं. फिर ब्रेक गया."

"नाही," श्यामकांत म्हणाला आणि वरणात पाणी ओतलं.

"वरणात काहून पाणी ओतून राहिले?" बायको मंदाकिनी म्हणाली.

"पातळ बरं लागते."

पहाटे साडेचारला त्याने सॅनिटायझरने चकती घासली. ती आरशासारखी झाली. मग चपला हातात घेऊन त्याने सायकल गल्लीत काढली, थोडी पळवली आणि पुढचा ब्रेक दाबला. ब्रेक रेकला, सायकल चालतच राहिली, आणि शेजारच्या फाटकाला टेकून थांबली. पुन्हा तेच. चकतीला चिमटणाऱ्या पैडनी शेंदरातलं तेल पिऊन घेतलं होतं.

मागचा ब्रेक चांगला होता. एकट्या मागच्या ब्रेकवर घाट उतरलेले लोक असतीलच. पोरगी हळू चालवेल. शिवाय सवयीने ब्रेक सुधारतातही. सव्वापाच वाजेपर्यंत श्यामकांतने अशी पाच-सहा कारणं गोळा केली, आणि त्यांतलं एकही त्याने वॅगनच्या बाबतीत ऐकून घेतलं नसतं.

वॅगनला एक सोय होती. ब्रेकमध्ये दोष दिसला की तिच्यावर खडूने 'सिक', म्हणजे आजारी, असं लिहायचं. मग कितीही मोठा साहेब आला तरी ती गाडीला जोडायची नाही.

त्याने मंदाकिनीच्या शिलाई मशीनच्या खणातून खडू घेतला आणि सायकलच्या काळ्या दांडीवर 'सिक' लिहिलं. खाली तारीख टाकली. सवयीने सहीही केली.

देवश्री हेल्मेट घालूनच बाहेर आली. "ये क्या है?"

"पुढचा ब्रेक लागून नाही राहिला."

"कल तो लग रहा था."

"शेंदूर लावला मी. मारुतीचा. तुले सांगितलं नाही."

देवश्रीने ब्रेक दाबून पाहिला. मग खाली बसून चकती निरखली. दारात मंदाकिनी डबा घेऊन उभी होती.

"चौतीस वर्ष मालगाडीले नाही लावला," ती म्हणाली, "अन् पोरीच्या सायकलले लावला?"

"मालगाडीत पोरगी बसली नव्हती."

मंदाकिनीने डब्याचं झाकण पुन्हा दाबून बसवलं.

"नत्थूकडे असे पैड असतील," श्यामकांत म्हणाला. "मी जातो. उठवतो त्याले घरून."

"संडे है, बाबा. और नए पैड पहले घिसने पड़ते हैं. आज नहीं होगा."

तिला बसमधून फोन आला. पावणेसहा झाले होते. श्यामकांतला वाटलं, आता ती सांगेल, आणि बसमधले पंचवीस लोक केशकालपर्यंत हसत जातील. त्याने भिंतीकडे तोंड केलं.

"हाँ भैया, सॉरी. नहीं आ पाऊँगी. नहीं नहीं, साइकिल तो फर्स्ट क्लास है, बाबा ने खुद बनाई है. घर पे मेहमान आ गए. हाँ, अचानक. नागपुर से."

तिने फोन खिशात टाकला, हेल्मेट काढलं, खालच्या पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडल्या. एक नाडी अडकली. ती तिने बराच वेळ सोडवली. मग नाक पुसून आत गेली.

मंदाकिनीने डब्यातले पोहे परत बशांमध्ये काढले. श्यामकांत बाहेरच्या खोलीत आला आणि खुर्चीच्या कडेवर बसला, गुडघ्यांवर हात ठेवून. देवश्रीने त्याच्यापुढे बशी धरली.

"लीजिए," ती म्हणाली.

परक्या घरात पाहुणे घेतात तशी ती त्याने दोन्ही हातांनी घेतली.