मी घरी जुळवलेला संगणक

मी एक घरी जुळवलेला संगणक बोलतोय. हळूच बोलतोय, कारण शेजारी बडं प्रस्थ आहे. छताला झुंबरासारखं टांगलेलं ते सोनेरी यंत्र म्हणजे क्वांटम संगणक. त्याच्या पोटात अवकाशाहून जास्त थंडी आणि त्या थंडीत नखाएवढी एक चकती. ती बघायला माणसं लांबून येतात. माझ्याकडे नजर गेली की विचारतात, "हे अजून चालतं?" मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

दादाने मला जेवणाच्या टेबलावर जुळवलं. सुटे भाग टपालाने यायचे. तो डाख लावायचा, धाकटी बहीण विजेरी धरायची. आई ओरडायची, "ताटं कुठं मांडू रे, याच्या डोक्यावर?" मग दोघं मला उचलून खिडकीत ठेवायचे.

पुढे दादाने शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान टाकलं. धाकटी शिकत गेली, शास्त्रज्ञ झाली आणि मला इथे तिच्या प्रयोगशाळेत घेऊन आली. सोनेरी यंत्राला थंड ठेवणाऱ्या पंपांवर मी नजर ठेवतो. दाब वाढला की घंटा वाजवतो. दादाचाच प्रोग्रॅम, तिने थोडा बदललेला.

मग प्रयोगशाळा पाहायला पाहुणे येणार असं ठरलं. धाकटीने दादालाही बोलावलं. त्या सकाळी ती माझ्यासमोर जरा घुटमळली आणि माझ्यावर एक पांढरी चादर टाकली.

पाहुणे आले. एकाने विचारलं, "मॅडम, इथलं सगळं अगदी नवं दिसतंय?"

"हो, सगळं नवं कोरं," धाकटी म्हणाली.

मागून दादाचा आवाज आला, "आपला तो कुठाय गं?"

"तो? तो कधीच मोडीत काढला, दादा."

चादरीखाली माझा पंखा घरघरत होता. वाटलं, आत्ताच्या आत्ता थांबावा. पण तो थांबला असता तर मी तापून बंद पडलो असतो, मग पंपांकडे कोण बघणार? मी लाजेने अर्धा झालो आणि घरघरत राहिलो.

दादा माझ्याजवळ येऊन उभा राहिला. "बरं केलंस," तो म्हणाला. "फार आवाज करायचा." आणि पाठीमागे हात नेऊन त्याने चादरीचं टोक पंख्यावरून अलगद बाजूला केलं. कुणाला दिसलं नाही.

पाहुणे गेल्यावर धाकटीने चादर काढली, तेव्हा ते दुमडलेलं टोक तिच्या हाताला लागलं. तिने तिथूनच फोन लावला.

"दादा, मघाशी..."

"पंखा कुरकुरतोय गं. तेल घाल. मशीनचं चालेल."

"तू ओळखलंस?"

"अगं, मीच बसवलाय तो."

तिने एका हाताने चादर गोळा करून खुर्चीवर टाकली. मग म्हणाली, "घालते तेल."

त्यानंतर दादा इकडे फिरकलेला नाही. माझ्या जागी येणारं यंत्र खोक्यातून निघालंय. मला जाण्याचं दुःख नाही. दोघा भावंडांमध्ये मी असा अवघडून बसलोय, त्याची लाज वाटते.

पोरी, मला बंद करशील त्या दिवशी त्याला बोलावून घे. तो काही बोलणार नाही, त्याचा स्वभावच तसा. तू बोल.