कुणाला ते विचारत नाही

संगणकावर हिरवी खूण उमटली आणि मी खुर्चीतून उठलेच. "आहे, काका. नोंद आहे. काकूंचे डोळे बसवलेत कुणाला तरी."

काचेपलीकडे लिफ्टवाले काका उभे होते. आमच्या नेत्रपेढीच्या आणि आसपासच्या बारा इमारतींच्या लिफ्ट तेच दुरुस्त करतात. दीड वर्षापूर्वी त्यांची बायको गेली. फॉर्म तिनं आधीच भरून ठेवला होता, त्याप्रमाणे तिचे डोळे आमच्याकडे आले. तेव्हापासून दर गुरुवारी खांद्याला हत्यारांची पिशवी अडकवून काका खिडकीशी यायचे. प्रश्न एकच. कुणाला बसवले ते विचारत नाही, ताई, बसवले का एवढंच सांगा. आणि मी दर गुरुवारी त्यांना नियम ऐकवायची, की डोळे कुणाला मिळाले ती माहिती गुप्त असते, ती यादी खिडकीवर उघडतच नाही. ते मान हलवून जायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मी मुळात इथली टंकलेखक. पुढे संगणक आले, ते सगळ्यांना नकोसे झाले नि माझ्या गळ्यात पडले. मग पुस्तकं आणून, चुकतमाकत, मी वेबसाइट बनवायला शिकले. या बुधवारी असंच एक पान वाचता वाचता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे देणाऱ्यांची एक यादी, घेणाऱ्यांची दुसरी, आणि घेणाऱ्याची प्रत्येक नोंद कुणा ना कुणा देणाऱ्याच्या नोंदीला बांधलेली. मग ती नोंद उघडायचीच कशाला? नाव नको, पत्ता नको, वय नको. फक्त विचारायचं, या देणाऱ्याला बांधलेली नोंद आहे का? हो किंवा नाही. गुप्ततेला कुठे धक्का लागला? पेढीच्या मोठ्या डॉक्टरांकडे धावत जाऊन परवानगी मागितली, तर ते म्हणाले, हे इतकी वर्षं कुणाला सुचलं कसं नाही. मी तर हवेतच होते! गुरुवारी सकाळी खिडकीच्या पानावर हिरव्या खुणेची सोय केली आणि काकांची वाट बघत बसले.

"नक्की ना, ताई?" काकांनी विचारलं.

"संगणक थापा मारत नाही, काका," मी म्हणाले. काय तो माझा तोरा.

त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि तिथल्या तिथे लेकीला फोन लावला. आईचे डोळे कुणाला तरी मिळाले एवढं सांगितलं. मला हात जोडून ते गेले. मी अख्ख्या मजल्याला चहा पाजला, आणि ज्यानं ऐकलं नव्हतं त्याला पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं.

तासाभरानं सिस्टर नवी फाइल घेऊन आल्या. त्याच सकाळी आलेले डोळे, अजून तपासणीसुद्धा झाली नव्हती. मी नाव चढवलं, पान उघडलं. हिरवी खूण.

"अगं, हे डोळे तर फ्रीजमध्ये आहेत," सिस्टर म्हणाल्या.

दुसरं नाव उघडलं, हिरवी खूण. तिसरं, हिरवीच. पाचव्या नावालाही तेच, आणि मग माझा प्रताप माझ्या लक्षात आला. पेटीत पत्र आलंय का असं विचारायच्या ऐवजी मी दाराला पेटी आहे का, असं विचारून बसले होते. पेटी काय, सगळ्यांच्याच दाराला. त्या प्रश्नाच्या शेवटी 'एग्झिस्ट्स', म्हणजे 'आहे का', असा एक शब्द घालावा लागतो, तेव्हा कुठे संगणक आत डोकावून बघतो. तो एक शब्द मी खाल्ला होता.

शब्द घातला. पान पुन्हा सुरू केलं. फ्रीजमधल्या डोळ्यांची खूण गेली. गेल्या महिन्यात ज्यांचे डोळे बसवले त्या शिक्षिकेची खूण तशीच राहिली. अगदी बिनचूक! एरवी मी सिस्टरांचा हात धरून नाचले असते. पण काकूंचं नाव मला टाइप करवेना. सिस्टरांना म्हटलं, तुम्ही टाका. त्या टाकत होत्या तोवर मी मनात म्हणत होते, देवा, चूक माझी आहे, मला हवं ते कर, पण उत्तर तेच येऊ दे.

खुणेची जागा कोरी होती.

सिस्टरांनी प्रयोगशाळेची जुनी वही काढली. दोन्ही डोळ्यांत जंतुसंसर्ग निघाला होता, बसवता आले नव्हते.

"राहू दे," सिस्टर हळूच म्हणाल्या. "माणूस खूश आहे. कशाला सांगतेस?"

खोटं कशाला बोलू, मलाही मोह झाला. पण दीड वर्ष त्या माणसानं आमच्याकडे खरं काय तेवढंच मागितलं होतं, आणि मी त्याला खोटं देऊन पाठवलं होतं. मला माझीच लाज वाटली. चपला सरकवल्या आणि निघाले.

काका तिसऱ्या इमारतीत सापडले. तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडं ठेवून तेल घालत होते. मला बघून तोंडभर हसले. तरी सांगितलं, सगळं सांगितलं. चूक माझी, संगणकाची नाही. नोंद नाही. डोळे बसवता आले नाहीत.

त्यांनी फडकं घेतलं आणि एकेक बोट पुसायला लागले.

"म्हणजे कुणालाच नाही."

"नाही, काका."

"आणि तिची? तिची स्वतःची नोंद आहे ना तुमच्याकडे? तिनं दिले होते, अशी?"

"आहे," मी म्हणाले. "ती मी स्वतः वाचलीय. नाव, तारीख, वेळसुद्धा."

"मग असू दे."

त्यांनी लेकीला फोन लावला. सकाळचं ते चुकीचं होतं म्हणून सांगितलं, मग म्हणाले, "आईनं दिले होते, ते मात्र खरं आहे." फोन खिशात ठेवून त्यांनी लिफ्टचं दार ओढलं, बटण दाबलं, आणि ती रिकामी लिफ्ट नीट वरपर्यंत जाते का ते बघत मान वर करून उभे राहिले.