पहिला कागद

“छान झालाय. एकदम ठसठशीत,” ती म्हणाली आणि कागद परत दिला.

अक्षरकार वाट बघत राहिला. लग्नापासूनची रीत होती. नव्या फॉन्टचा पहिला कागद बायकोनं वाचायचा, आणि त्यात तिची एक खोडी काढलेली असायची. या खेपेला छापलं होतं, ‘हिच्या घोरण्यानं शेजारी घर सोडून गेले.’ एरवी तिनं उशी फेकून मारली असती.

“वाचलंस ना?”

“वाचलं की. डोळे आहेत मला.”

त्यानं तिच्या डोळ्यांकडे पाहिलं; ते त्याच्या कानाकडे बघत होते.

फॉन्ट झकास होता, वादच नाही. मोठ्या मथळ्यांसाठी केलेला, कोळशासारखा काळा. जाड बोरूनं तोडून तोडून लिहावीत तशी टोकदार अक्षरं, खांद्याला खांदा लावून उभी. त्यातच ‘र’ फेंगडा पाय टाकणारा, ‘ह’ची शेपटी मांजरासारखी वळलेली. वर्षभर तो त्यांच्यावर मान मोडून बसला होता. एक रेघ केसभर सरकली तरी त्याला दिसायची. बायको भिंतीला हात लावून चालायला लागली, ते दिसलं नाही. अशा माणसाला लोक कलावंत म्हणतात. आंधळा म्हणायला हवं.

“कधीपासून?”

“झाले काही महिने. मधोमध डाग येतो. कडेनं बघितलं तर दिसतं थोडं. गेलेलं परत येत नाही, म्हणाले डॉक्टर.”

“आणि मला सांगायचं नाही?”

“सांगितलं असतं तर हा कागद दाखवला असतात?”

त्यानं नसताच दाखवला.

“पहिला कागद माझा आहे,” ती म्हणाली. “तो मी सोडायची नाही.”

मग त्या शहाण्यानं काय करावं? तिला दिसावीत म्हणून अक्षरं आणखी जाड केली.

“अहो, डांबर ओतलंय की काय! नुसते गोळे दिसताहेत. ‘ब’चं पोट बुजवलंत, ‘व’चं बुजवलंत. श्वास तरी घेऊ द्या बिचाऱ्यांना.”

त्यानं एकेका अक्षराचं पोट कोरून मोकळं केलं. फॉन्ट मागवणाऱ्याचा फोन आला, “काळेपणा कमी झालाय हो.”

“झालाय. असाच घ्या, नाहीतर राहू द्या,” म्हणून त्यानं फोन ठेवला.

नवा कागद घेऊन ती खिडकीशी गेली, मागोमाग तोही. एकच शब्द होता, पानभर. मान पक्ष्यासारखी तिरकी करून ती एकेक अक्षर कडेनं पकडू लागली.

“भां... ड... कु...”

त्याच्या तोंडून पुढचं निसटणार होतं.

“बोलू नका! कळलाय मला शब्द. मेल्याची अक्कलही कळली. पण वाचणार आहे मी. पुरता.”

दोन अक्षरं राहिली होती. तिचा उजेड अडू नये म्हणून तो खिडकीसमोरून बाजूला झाला.