जावई बाहेरचा निघाला

आता याला काय म्हणावं? ओतशाळेच्या फाटकाबाहेर सभा झाली, तेव्हा सगळ्यांत चढा आवाज आमच्या या म्हाताऱ्या ओताऱ्याचाच होता. "ओतशाळा आपल्या प्रांतात, तर काम आपल्याच माणसांना! बाहेरच्यांनी आपापल्या प्रांतात जावं!" टाळ्या काय, शिट्ट्या काय, विचारू नका. गडी नुसता हरखून गेला.

आणि एवढ्या शहाण्या माणसाला एक गोष्ट सुचू नये? सख्खा जावई डोंगरापलीकडच्या प्रांतातला. लग्नाच्या वेळी म्हाताऱ्याने केवढी आदळआपट केली होती. पण पुढे त्याच जावयाबरोबर तो वितळलेल्या लोखंडाची पळी उचलू लागला. लांब दांड्याची ती जड पळी दोघांनी न्यायची, सासरा पुढे, जावई मागे. पुढच्याला मागचा दिसत नाही, त्याच्या पावलावर विसंबून चालायचं. असं रोज चालता चालता हा पोरगा परका आहे, हे म्हातारा साफ विसरला. बाहेरचे म्हणजे त्याच्या लेखी मागच्या शेडमधले, ज्यांची नावंही त्याला ठाऊक नव्हती.

मागणी मान्य झाली आणि जावयाला कामावरून काढलं. म्हाताऱ्याच्या पायाखालची जमीन सरकली. तसाच मॅनेजरकडे धावला.

"अहो साहेब, तो माझा जावई आहे."

"जन्म कुठला त्याचा?"

"जन्माचं काय घेऊन बसलात? आमच्या घरचा आहे तो."

"दादा, मागणी तुमचीच होती," मॅनेजर म्हणाला. त्यात खोटं काय होतं?

मग सोबत्यांना गाठलं. एकाला तेवढी सूट द्या म्हणून हातापाया पडला. काल खांद्यावर घेऊन नाचणारे आज बूट न्याहाळत बसले.

आपल्या प्रांतात परत निघालेला जावई स्टेशनवर "मामा, तब्येतीला जपा," एवढंच म्हणाला आणि सामान चढवायला गाडीत शिरला. त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर म्हाताऱ्याला बरं वाटलं असतं.

लेक खाली उभी होती. म्हाताऱ्याने तिचा हात धरला. "तू तरी राहा गं. इथे तुझी शाळेतली नोकरी आहे. तिकडे त्याचं बस्तान बसलं की जा."

"त्यांना एकटं पाठवू?" ती म्हणाली. "नोकरीचं म्हणाल तर तिकडेही सभा झालीय, बाबा. बाहेरचे शिक्षक नकोत म्हणून. तिकडे मी बाहेरची."

"बाहेरची कशी? देश तर एकच आहे ना आपला?" म्हातारा कळवळून म्हणाला.

लेकीने त्याच्याकडे पाहिलं. लहानसहान गोष्टींवरून रडणारी पोर ती, पण आज तिचे डोळे कोरडे होते.

"हे सभेत का नाही म्हणालात, बाबा?"

तिने आपला हात सोडवून घेतला, वाकून त्याला नमस्कार केला आणि ती गाडीत चढली.