गोदीच्या आईचा 'आरोप'

१९९७ सालची गोष्ट. सांगलीच्या एका महाविद्यालयात शिकवणाऱ्या अक्षताचा प्रबंध पुरा झाला होता. विषय, सासरी जळून मेलेल्या सुना. शुक्रवारी तो विद्यापीठात जायचा होता. सोमवारी संगणक शिकवणारा मुकुल हौसेनं म्हणाला, "माझा नवा प्रोग्रॅम शब्द मोजतो. कुठला शब्द कुणाच्या बोलण्याला जोडलाय, तेही दाखवतो. देतेस प्रबंध?"

"घे की. काढ चुका," ती हसली.

प्रिंटरमधून कागद करकरत बाहेर आला आणि मुकुलनं तो तिच्यापुढं सरकवला. सासरचे बोलले तिथं अक्षतानं लिहिलं होतं, 'सांगितले'. माहेरचे बोलले तिथं, 'आरोप केला'. चाळीस घरं, एकदाही अदलाबदल नाही.

"मी मुद्दाम नाही रे केलं!"

मुद्दाम कोण करतं? आपल्याकडची रीतच तशी. चौकशीला गेलेला माणूस आधी सासरच्या बैठकीत टेकतो, त्यांचा चहा पितो. मेलेल्या पोरीची आई त्याला एसटी स्टँडवर उभ्या उभ्या भेटते. शिकलेसवरलेले आपण, आपल्यालाही त्यात काही वावगं वाटत नाही.

अक्षताची नजर एका ओळीवर अडकली. 'स्टोव्हचा भडका उडाल्याचे सासूने सांगितले. घरात स्टोव्हच नसल्याचा आरोप आईने केला.' ती आई कुंडलची भामाबाई, मुलगी गोदी, सासर इस्लामपूरचं. त्या सासरी कप ठेवायला अक्षता स्वयंपाकघरात गेली होती. तिथं गॅस होता, गोदीच्या लग्नापासूनचा. तिनं प्यायलेला चहा त्याच गॅसवर उकळला होता. डोळ्यांनी पाहिलेलं तिनं आरोप म्हणून लिहिलं होतं. ती ओळ वाचल्यापासून चहाचा कप समोर आला की तिला जळाल्याचा वास यायचा.

प्रबंध आत्ता देत नाही, परत लिहिते, असं तिनं सांगितल्यावर मार्गदर्शक गोपाळकृष्ण सर वैतागले. "दोन शब्दांसाठी वर्ष घालवणार? संशोधन तटस्थ असावं लागतं."

"हे तटस्थ नाही, सर. यावर मी सही करणार नाही."

शुक्रवारी ती कुंडलला गेली. भामाबाई दारात शेंगा निवडत होती. अक्षता तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि आपण काय लिहिलं होतं ते तिनं वाचून दाखवलं.

"माझं चुकलं, भामाबाई. पहिल्यापासून सांगा."

भामाबाईनं शेंगा बाजूला सारल्या.

"पोलिसानं न्हाई लिवलं, सरपंचानं न्हाई लिवलं," ती म्हणाली. "तुमी बाईमाणूस. आमी धा जणांत सांगत सुटलो, आमच्या गोदीचं खरं एका बाईनं लिवलंय म्हनून."